बेळगाव, खानापूर, निपाणीहून बेंगळूरला जाणाऱ्यांसाठी : परवडणाऱ्या मुक्कामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेंगळूरला मुक्काम करणे खरोखरच आवश्यक आहे का?

खोलीची चौकशी करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण सीमाभागातून राजधानीला होणाऱ्या अनेक फेऱ्या टाळता येतात. उच्च न्यायालयाचे काम असेल, तर बेळगाव आणि कारवार या दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणे धारवाडच्या खंडपीठाकडे चालतात. हे खंडपीठ 2008 मध्ये फिरते खंडपीठ म्हणून सुरू झाले आणि 2013 मध्ये कायम झाले. तरीही ‘हायकोर्ट म्हणजे बेंगळूर’ असे धरून निघणारी मंडळी आजही भेटतात. पासपोर्टसाठी हुबळीला केंद्र आहे आणि बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातही सोय आहे. मानसिक आजारांच्या उपचारांसाठी बेंगळूरच्या निम्हान्स रुग्णालयाच्या आधी धारवाडच्या डिम्हान्समध्ये दाखवून घेणे पुष्कळदा पुरेसे ठरते. मंत्र्यांची भेट किंवा सचिवालयातील पाठपुरावा असेल आणि काम तातडीचे नसेल, तर हिवाळी अधिवेशनाची वाट पाहावी. विधिमंडळाची सुवर्ण विधानसौध ही इमारत 2012 मध्ये उभी राहिल्यापासून हे अधिवेशन बहुतेक वर्षी बेळगावातच भरते आणि त्या दिवसांत शासनाचा मोठा भाग आपल्या गावात येतो.

काम एका दिवसाचे असेल, तर रात्रीची रेल्वे हाच सर्वांत स्वस्त मुक्काम समजावा. बेळगावहून रात्री सुटणारी बेंगळूर एक्सप्रेस किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी बेंगळूरच्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकात पोहोचवते आणि त्याच रात्री परतीची गाडीही मिळते. दोन्ही रात्री गाडीत झोप होते, त्यामुळे लॉजचे भाडे पूर्ण वाचते. साठीच्या पुढच्या माणसांना, आजाऱ्यांना आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांना मात्र हा सल्ला मी देणार नाही. दोन रात्री प्रवास आणि मध्ये दिवसभर उन्हात रांगा, हे त्यांच्या अंगावर काढू नये.

राहण्याची जागा कोणत्या भागात निवडावी?

काम जेथे आहे त्या भागात, किंवा त्या भागात थेट मेट्रो जाते अशा ठिकाणी निवडावी. आपल्याकडे टिळकवाडीत राहून शहापुरात काम करता येते, कारण अंतर दहा मिनिटांचे असते. बेंगळूरमध्ये शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात दोन तास सहज जातात. खोली दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली आणि रिक्षाला रोज चारशे रुपये लागले, तर ती खोली महागच पडली. म्हणून भाड्यात येण्याजाण्याचा खर्च मिळवून मगच तुलना करावी.

फेब्रुवारी 2025 पासून मेट्रोचे किमान तिकीट 10 रुपये आणि कमाल 90 रुपये आहे. एकट्याला हा खर्च जाणवत नाही, परंतु चौघांचे कुटुंब दिवसातून दोनदा लांबचा प्रवास करणार असेल, तर त्याच पैशात कामाजवळची बरी खोली मिळू शकते.

मॅजेस्टिक परिसरातील लॉज चांगले असतात का?

स्वस्त लॉजची सर्वांत मोठी वस्ती आजही तेथेच आहे. रेल्वे स्थानकाच्या समोर केंपेगौडा बस स्थानक, त्याला लागून मेट्रोच्या जांभळ्या आणि हिरव्या मार्गांचे जंक्शन, आणि आजूबाजूला गांधीनगर, उप्पारपेट, कॉटनपेट, चिक्कपेट अशी जुनी बाजारपेठ आहे. विधानसौध आणि उच्च न्यायालय येथून जांभळ्या मार्गाने केवळ दुसऱ्या स्थानकावर आहे. सचिवालयाच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या उद्योग सौधमधील कामासाठी मॅजेस्टिकपेक्षा सोयीची जागा नाही. साध्या, वातानुकूलन नसलेल्या दोघांच्या खोलीला साधारणपणे सातशे ते पंधराशे रुपये पडतात. डॉर्मिटरीतील खाट याहून बरीच स्वस्त मिळते.

लॉजचा दर्जा मात्र गल्लीगणिक बदलतो. गांधीनगरच्या मोठ्या रस्त्यांवरील जुने लॉज कुटुंबांसाठी ठीक आहेत, तर कॉटनपेटच्या आतल्या काही गल्ल्यांत रात्री उशिरा जागा शोधत फिरू नये. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चादर, दाराची कडी, खिडकी आणि नळाचे पाणी या चार गोष्टी पाहायला दोन मिनिटे लागतात आणि व्यवस्थापकही त्याला हरकत घेत नाहीत. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेतच असते, ती वेळ आधी विचारून ठेवावी.

स्थानकाबाहेर ‘चांगला लॉज दाखवतो’ म्हणून मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नये. त्यांचे कमिशन शेवटी आपल्याच भाड्यात चढते. जागा आधी ठरवून ठेवावी, किंवा सामान स्थानकाच्या अमानती सामानघरात ठेवून मोकळ्या हातांनी दोन-तीन लॉज पाहावेत. तेथे सामान ठेवताना बॅगेला कुलूप असावे लागते आणि रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते.

‘24 तास’ आणि ‘दुपारी 12’ या दोन पद्धतींत फरक काय?

आपल्या भागातील प्रवाशांसाठी हा फरक भाड्याच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. आपल्या गाड्या आणि बस सकाळी सहा-सातला पोहोचतात. ज्या हॉटेलचा दिवस दुपारी 12 ला सुरू होतो, तेथे सकाळी सातला गेल्यास बाहेर बसवून ठेवतात किंवा आदल्या दिवसाचे भाडे लावतात. 24 तासांच्या लॉजमध्ये सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत आपली असते. मॅजेस्टिकमधील बऱ्याच जुन्या लॉजमध्ये ही पद्धत अजून टिकून आहे. ऑनलाइन नोंदणी केलेल्या हॉटेलांत मात्र बहुधा दुपारची पद्धत असते.

यातून एक साधा हिशेब निघतो. सकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने परतायचे असेल, तर 24 तासांची एकच खोली घ्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोडावी, सामान लॉजच्या काउंटरवर किंवा स्थानकात ठेवावे आणि दिवसभर काम उरकून गाडी गाठावी. अशा रीतीने दोन दिवसांचे काम एका भाड्यात होते. पैसे देताना वेळ पावतीवर लिहून घ्यावी.

रेल्वेच्या विश्रामकक्षात राहता येते का?

येते, आणि एक-दोन दिवसांसाठी ही सर्वांत विश्वासार्ह सोय आहे. तिकीट निश्चित किंवा आरएसी असले पाहिजे. त्या तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून खोली किंवा डॉर्मिटरीतील खाट राखून ठेवता येते आणि साधारणपणे 12 तासांपासून 48 तासांपर्यंत राहता येते. खोल्या मोजक्याच असल्यामुळे गाडीचे तिकीट निघताक्षणी ही नोंदणीही करावी. प्रतीक्षा यादीतील तिकिटावर ही सोय मिळत नाही.

बसने येणाऱ्यांनी थेट मॅजेस्टिकलाच उतरावे का?

तशी आवश्यकता नाही. बेळगाव, निपाणी, हल्याळकडून येणाऱ्या बस तुमकूर रोडने शहरात शिरतात आणि मेट्रोचा हिरवा मार्ग याच रस्त्याच्या कडेने दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीण्या, गोरगुंटेपाळ्य, यशवंतपूर असा जातो. ज्यांचे काम पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, यशवंतपूरला, राजाजीनगरात किंवा मल्लेश्वरमला आहे, त्यांनी आधीच उतरून तेथेच मुक्काम करावा. या पट्ट्यातील लॉज कामगार आणि व्यापाऱ्यांसाठी आहेत, दिसायला साधे आहेत आणि मॅजेस्टिकपेक्षा पुष्कळदा थोडे स्वस्त पडतात. प्रवेश प्रक्रियेसाठी मल्लेश्वरममधील परीक्षा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाणाऱ्या पालकांना यशवंतपूर सोयीचे पडते.

रुग्णाला घेऊन जायचे आहे. नातेवाइकांनी राहायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण आजारपणातच माणूस सर्वाधिक नाडला जातो. किदवाई कर्करोग रुग्णालय आणि निम्हान्स होसूर रोडच्या बाजूला एकमेकांना लागून आहेत, आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थाही जवळच आहे. किदवाई आणि निम्हान्स या दोन्ही ठिकाणी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेची सोय आहे. तेथे जागा मिळवण्यासाठी बाहेरच्या कोणाचीही ओळख लागत नाही. रुग्णाची नोंदणी झाली की ते कार्ड किंवा फाइल घेऊन रुग्णालयातील समाजसेवकांच्या कक्षात जावे, लांबून आल्याचे सांगावे आणि शिधापत्रिका व आधार कार्डाच्या प्रती दाखवाव्यात. पहिल्या दिवशी जागा मिळाली नाही, तरी नाव नोंदवून रोज सकाळी विचारत राहावे, कारण रुग्ण घरी जातात तशा खाटा रिकाम्या होतात.

म्हणून निघताना पहिल्या दोन रात्रींचे लॉजचे पैसे जवळ ठेवावेत आणि पुढचा मुक्काम तेथे पोहोचल्यावर ठरवावा. रुग्णालयांभोवती विल्सन गार्डन, लक्कसंद्र या भागांत लहान खोल्या भाड्याने मिळतात. केमोथेरपी किंवा रेडिएशनसारखे उपचार कित्येक आठवडे चालतात, त्यामुळे अशा वेळी दिवसाचा भाव न करता आठवड्याचा किंवा महिन्याचा भाव करावा आणि स्वयंपाकाला परवानगी आहे का ते विचारावे. रुग्णाला घरचा मऊ भात आणि आमटी मिळणे ही औषधाइतकीच मोठी गोष्ट आहे, आणि खर्चही निम्म्यावर येतो.

हृदयविकाराचे जयदेव रुग्णालय बन्नेरघट्टा रोडवर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्यापासून तेथे पोहोचणे सोपे झाले आहे. मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाने आर. व्ही. रोडपर्यंत जावे आणि तेथे पिवळ्या मार्गाची गाडी पकडावी. जयदेव हॉस्पिटल याच नावाचे स्थानक तेथून दुसरे आहे. त्यामुळे रुग्ण दाखल झाल्यावर एका नातेवाइकाने त्याच्याजवळ थांबून बाकीच्यांनी मॅजेस्टिकला राहणेही जमू शकते.

निघण्यापूर्वी बीपीएल शिधापत्रिका आणि आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेची कागदपत्रे बरोबर घ्यावीत आणि सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र विसरू नये. ते पत्र आणण्यासाठी पुन्हा बेळगावला यावे लागले, तर मुक्कामात वाचवलेले सगळे पैसे त्या एका फेरीत जातात.

एकट्या महिलेने कोठे राहावे?

रेल्वेचा विश्रामकक्ष ही पहिली पसंती असावी. त्यानंतर वायडब्ल्यूसीएसारख्या महिलांच्या संस्थांची वसतिगृहे, आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यावरचे कुटुंबांसाठीचे लॉज. नोंदणी फोनवरून करावी आणि गाडी दिवसा पोहोचेल असेच तिकीट काढावे. बेळगावहून पहाटे सुटणारी वंदे भारत दुपारी बेंगळूरला पोहोचते. तिचे तिकीट महाग असले, तरी अनोळखी शहरात उजेडात पोहोचण्याचे मोल मोठे आहे.

शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये तिकीट लागत नाही. ही सवलत बेळगाव ते बेंगळूर प्रवासाला आहे आणि शहरातील साध्या बसलाही आहे, मात्र स्लीपर, राजहंस आणि वातानुकूलित बसना नाही. ओळखपत्रावर कर्नाटकातील पत्ता असला पाहिजे. लग्न होऊन चंदगड किंवा कोल्हापूरकडून आपल्या भागात आलेल्या सुनांच्या आधार कार्डावर अजून महाराष्ट्रातील पत्ता असतो, तो वेळेत बदलून घ्यावा. शहरातील बसप्रवास मोफत असल्यामुळे महिला थोड्या लांबच्या, शांत वस्तीतही स्वस्तात राहू शकतात.

मुलगा किंवा मुलगी शिकायला अथवा नोकरीला जात आहे. पीजी घ्यावे की खोली?

पहिले सहा महिने पीजीच (पेइंग गेस्ट म्हणून जागा) घ्यावे. खोली घ्यायची तर बेंगळूरमध्ये घरमालक मोठी अनामत मागतात. पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची पद्धत होती आणि आता ती काही ठिकाणी कमी झाली असली, तरी एकदम एवढी रक्कम गुंतवणे बहुतेक घरांना झेपत नाही. पीजीमध्ये एक-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत पुरते आणि जेवणही असते. तीन-चार जणांच्या खोलीतील जागा साधारणपणे सहा हजारांपासून मिळते. दोघांच्या खोलीला अर्थातच जास्त लागतात.

भाग निवडताना पुन्हा कामाची जागाच पाहावी. व्हाइटफील्डला नोकरी असेल तर जांभळ्या मार्गालगत, इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर पिवळ्या मार्गालगत राहावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपल्याकडील मुले विजयनगर आणि चंद्रा लेआउटमध्ये राहतात, कारण शिकवण्या आणि अभ्यासिका तेथेच आहेत.

महापालिकेने 2024 मध्ये पीजींसाठी नियम केले. त्यांनुसार प्रत्येक राहणाऱ्यामागे किमान 70 चौरस फूट जागा, रोज 135 लिटर पाणी, सीसीटीव्ही आणि स्वयंपाकघराला अन्नसुरक्षा परवाना असणे अपेक्षित आहे. पालकांनी हे प्रश्न थेट विचारावेत. मालक उत्तर टाळू लागला, तर पुढचे पीजी पाहावे. अनामत परत देण्याची अट, त्यातून होणारी कपात आणि जागा सोडण्यापूर्वी द्यायची सूचना या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. अनामतीचे वाद येथेच सर्वाधिक होतात.

सरकारी वसतिगृहाचा पर्याय मराठी मुलांना आहे का?

आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही याचे वाईट वाटते. मागासवर्ग कल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर वसतिगृहे बेंगळूरमध्ये आहेत. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या 3ब प्रवर्गात येतो, त्यामुळे उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांना अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची स्वतंत्र वसतिगृहे आहेत. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि त्यासाठी जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) आधीच काढून ठेवावे लागतात. निकाल लागल्यावर दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्यांची मुदत हमखास चुकते.

आपल्या माणसांच्या संस्थांकडून मदत होते का?

होते, पण आधी विचारले तरच. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळ ही बेंगळूरमधील मराठी माणसांची जुनी संस्था आहे. राहण्याच्या सोयीबद्दल तेथे फोन करून खात्री करावी आणि थेट सामान घेऊन दारात उभे राहू नये. जैन, लिंगायत आणि इतर समाजांच्या धर्मशाळा व मठही शहरात आहेत, आणि गावातील समाजाच्या अध्यक्षांचे किंवा देवस्थान समितीचे पत्र तेथे उपयोगी पडते.

भावकीतील कोणी तेथे राहत असेल, तर त्यांच्याकडे एखादी रात्र जाणे ठीक आहे. परंतु बेंगळूरमधील घरे लहान असतात आणि दोघेही नोकरी करणारे असतात. आठवडाभराचे काम असेल तर खोली घ्यावी आणि एका संध्याकाळी त्यांना भेटून यावे.

कोणते ओळखपत्र लागते?

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे, पत्ता असलेले मूळ ओळखपत्र लागते. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो, पण पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते चालत नाही. प्रत द्यायची वेळ आल्यास आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत संकेतस्थळावरून काढून तीच द्यावी.

बिलावर जीएसटी किती लागतो?

सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के. नऊशे रुपयांच्या खोलीवर हे 45 रुपये होतात. जीएसटीखाली नोंदणी नसलेल्या लहान लॉजला हा कर घेता येत नाही, म्हणून कर घेतला असेल तर जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे.

ऑनलाइन आगाऊ पैसे द्यावेत का?

ओळखीच्या संकेतस्थळावर ‘पैसे हॉटेलवर’ हा पर्याय असेल तर तोच घ्यावा. ‘मॅजेस्टिकपासून जवळ’ एवढ्यावर विश्वास न ठेवता नकाशावर चालण्याचे अंतर पाहावे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचावेत. धर्मशाळा आणि आश्रमांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून यूपीआयवर आगाऊ रक्कम घेण्याचे प्रकार घडतात, आणि आजारी माणसाच्या काळजीत असलेली मंडळी त्यांत सापडतात. रुग्णालयातील धर्मशाळेची जागा फोनवर पैसे घेऊन दिली जात नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर होईल, तितकी रक्कम अडवणे अवघड होते.

कन्नड येत नसेल तर अडचण येते का?

मॅजेस्टिकच्या लॉजमध्ये हिंदी चालते. तरीही खानापूरच्या पश्चिम भागातील किंवा निपाणीकडील ज्या ज्येष्ठांना कन्नड बोलण्याची सवय नाही, त्यांनी चार वाक्ये पाठ करून जावीत. ‘रूम इदेया?’ म्हणजे खोली आहे का, ‘बाडिगे एष्टु?’ म्हणजे भाडे किती, ‘बिसि नीरु इदेया?’ म्हणजे गरम पाणी आहे का, आणि ‘स्वल्प कम्मि माडि’ म्हणजे थोडे कमी करा. कन्नडमधून विचारल्यावर लॉजवाले अधिक आपुलकीने बोलतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

जेवणाचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

लॉजमधून जेवण मागवू नये. 2017 पासून सुरू असलेल्या इंदिरा कॅन्टीनमध्ये नाश्ता 5 रुपयांत आणि जेवण 10 रुपयांत मिळते. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आसपास अशी कॅन्टीन आहेत. एरवी उभे राहून खाण्याच्या दर्शिनी हॉटेलांत इडली, खारा भात, चपाती स्वच्छ आणि माफक दरात मिळते.

कोणत्या दिवसांत जाणे टाळावे?

अंदाजपत्रकी अधिवेशन, मोठ्या स्पर्धा परीक्षांचे रविवार आणि मे महिन्यातील लग्नसराई या काळात मॅजेस्टिक-गांधीनगरात भाडे चढते. विषम वर्षांच्या फेब्रुवारीत यलहंकाला एअरो इंडिया हे विमानप्रदर्शन भरते, तेव्हा शहराच्या उत्तर भागातील जागा महागतात. परीक्षेसाठीच जायचे असेल तर प्रवेशपत्र हाती येताच केंद्राचा पत्ता नकाशावर शोधावा आणि त्याच दिवशी खोली ठरवावी.

उपचारांसाठी बेंगळूरऐवजी मुंबईला जायचे ठरले तर?

टाटा रुग्णालय परळला आहे. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळमधील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या दोन ठिकाणी प्रथम चौकशी करावी. दोन्हीकडे टाटाची फाइल लागते आणि दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून नोंदणी झालेल्या दिवशीच तेथे जाऊन नाव द्यावे. कर्नाटकातील आरोग्य योजनेचा लाभ महाराष्ट्रातील रुग्णालयात मिळेल असे गृहीत धरून निघू नये. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातील योजना कक्षात आधी विचारावे आणि त्या उत्तरावरच बेंगळूर की मुंबई हे ठरवावे.